जीव नाही तर दुखतो कसा?



२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा. १९८५ पासून आपल्या देशात तो पाळला जातो. मी शाळेत होते तेव्हा दरवर्षी या दिवसांत माझ्याकडे एक ठरलेलं काम यायचं. सातवी-आठवीच्या मुलांकडून घोषवाक्यं लिहून घ्यायची, त्यांतली बरी निवडून पुठ्ठ्यावर रंगवायची आणि प्रभातफेरी काढायची. "मरावे परी नेत्ररूपे उरावे", "अंधाराकडून प्रकाशाकडे", "तुमचे डोळे, कुणाची दृष्टी". चौतीस वर्षांत अशी किती घोषवाक्यं तपासली याचा हिशोब नाही. व्याकरणाच्या चुका तेवढ्या लाल शाईने दुरुस्त केल्या. त्या सगळ्या वाक्यांत एक मोठी चूक राहत होती, ती मात्र मला निवृत्त झाल्यावर कळली. तीही पुस्तकातून नाही, माझ्या अक्काच्या डोळ्यातून.

चूक ही, की आपण डोळ्याबद्दल बोलतो तेव्हा फक्त 'दिसणं' बोलतो. 'दुखणं' बोलतच नाही.

आज त्यावरच लिहायचं आहे. थोडं रागावून लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवते. आमच्या घरातले वाचतील, भाचे वाचतील, त्यांना काही ओळी टोचतील. टोचू देत.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. राहुरी तालुक्यात दिलेली. घरी ऊस, दोन म्हशी आणि मोठा खटला. २०१३ साली तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या डोळ्यात आधीपासून काचबिंदूही होता, तो उशिरा लक्षात आला. ऑपरेशन अवघड गेलं असं सांगितलं गेलं. कुठे झालं, कुणी केलं हे मी लिहिणार नाही. मोतीबिंदू पिकून दगड झाल्यावर माणूस टेबलावर गेला तर चांगल्या हातालाही तो अवघडच जातो, हे मला नंतर समजलं. आणि पिकेपर्यंत थांबलो ते आम्ही. "कांदे निघाले की बघू", "लग्नसराई झाली की बघू".

साधारण दोन वर्षांनी तो डोळा दुखायला लागला. नुसता दुखायला नाही. अक्का म्हणायची, "डोळ्यात कुसळ गेल्यावानी टोचतंय गं. काढ म्हणावं तर कुसळच नाही." सकाळी उठताना सगळ्यांत जास्त. पापणी उघडली की किंचाळायची. उजेड सोसवायचा नाही, चुलीचा धूर तर नाहीच. डोळ्यातून सारखं पाणी. दिवसभर माजघरात, खिडकीला गोणपाट लावून, पदर डोळ्यावर धरून बसलेली असायची. जी बाई चार वाजता उठून धारा काढायची ती.

घरचे म्हणायचे, "एक डोळा चांगला आहे ना! त्यानं दिसतंय ना!" अहो, एक डोळा दुखला की दोन्ही मिटतात. डोळ्यात धूळ गेल्यावर करून बघा. चांगला डोळा उघडा ठेवता येतो का? अक्काचा डावा डोळा सुईत दोरा ओवण्याइतका चांगला होता, आणि तरी ती बाई तीन वर्षं आंधळ्यासारखी बसून होती.

डॉक्टरांकडे नेलं नाही असं नाही. नेलं. एकदा मी स्वतः बरोबर होते. तपासून झाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "आजी, या डोळ्यात आता जीव नाही. ऑपरेशन करून काही उपयोग नाही. दिसणार नाही तुम्हाला."

अक्का म्हणाली, "जीव नाही तर दुखतो कसा?"

या प्रश्नाला त्या खोलीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. डॉक्टरांकडे नव्हतं, भाच्याकडे नव्हतं, आणि चौतीस वर्षं मुलांना प्रश्नोत्तरं लिहून देणाऱ्या माझ्याकडेही नव्हतं. थेंबांची चिठ्ठी घेऊन आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर मात्र मला राहवेना. मी मराठी माध्यमातली साधी बी.ए., डॉक्टर नाही. पण शिक्षकाला एक सवय असते. कळलं नाही की विचारायचं, पुन्हा विचारायचं, कुणाकडून तरी समजून घ्यायचं. तर जे समजलं ते सांगते. मंडळी, एवढा भाग नीट वाचा.

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखी एक पारदर्शक काच असते. तिला कॉर्निया म्हणतात, मराठी पुस्तकांत पारपटल. मध्यभागी जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती स्वच्छ. पण मज्जातंतूंची टोकं इतकी दाट, की शरीरात दुसरीकडे क्वचितच असतील. कातडीच्या कित्येक शेकडा पट. म्हणूनच धुळीचा कण गेला तरी जीव कासावीस होतो.

या काचेच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्याचं काम मोटेचं. डोळ्याच्या आतलं पाणी काचेत झिरपत असतं, ते हा थर अखंड उपसून बाहेर काढतो. तरुणपणी या पेशी एका चौरस मिलिमीटरमध्ये अडीच-तीन हजार असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. वयाने कमी होतात, काचबिंदूने होतात, अवघड ऑपरेशनने होतात. फारच कमी उरल्या की मोट बंद पडते आणि काच पाण्याने फुगते. मग वरच्या नाजूक त्वचेखाली पाण्याचे फोड येतात. पापणी मिटली-उघडली की फोड फुटतो आणि खालच्या मज्जातंतू उघड्या पडतात. भाजलेल्या हातावरचा फोड फुटल्यावर काय होतं ते आठवा. तेच डोळ्यात, दिवसातून कितीतरी वेळा. रात्री पापणी मिटलेली, पाणी वाळायला हवा नाही, म्हणून सकाळी फुगवटा जास्त आणि दुखणंही जास्त. अक्का सकाळी का किंचाळायची त्याचं उत्तर हे. या आजाराला बुलस केरॅटोपॅथी म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, फोड लक्षात ठेवा.

आता यावर उपाय काय? पहिले उपाय साधे. मिठाच्या तीव्र पाण्याचे थेंब, म्हणजे मीठ फुगलेल्या काचेतलं पाणी ओढून घेतं. किंवा मऊ लेन्स, पट्टीसारखी. याने काहींना बरं वाटतं, काहींना तेवढ्यापुरतं.

ज्या डोळ्याची मागची नस शाबूत आहे, म्हणजे दृष्टी येण्याची आशा आहे, त्याला दात्याच्या कॉर्नियाचं कलम करतात. पूर्वी संपूर्ण काच बदलत. अलीकडे आतला तो एक थर तेवढा बदलता येतो. नेदरलँड्सचे डॉ. मेलेस यांनी १९९८ च्या सुमारास ही वाट काढली. फोडही जातात, दिसतंही. ज्यांना हे शक्य आहे त्यांनी हेच करावं, यात वाद नाही.

पण ज्या डोळ्याची नस काचबिंदूने गेलेली आहे, त्याचं काय? अक्काच्या डोळ्याचं काय? तिथेही कलम आहे, मंडळी! आणि ते कशाचं असेल सांगा? वारेचं.

हो, वार. बाळंतपणात बाळामागोमाग पडते ती. तिच्या आतल्या अंगाला, गर्भजलाच्या पिशवीचा एक अतिशय पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो. तो सोलून, धुऊन, जंतुरहित करून उणे ८० अंशांत गोठवून ठेवतात. डोळ्यावरची फोडांची सैल त्वचा काढून तिथे हा पापुद्रा टाके घालून किंवा चिकटवून बसवतात. त्यावर डोळ्याची स्वतःची त्वचा नव्याने आणि घट्ट धरून वाढते. पापुद्र्यात सूज कमी करण्याचे गुण आहेत. आणि दुसऱ्याचा अवयव म्हणून शरीर तो सहसा झिडकारत नाही. नऊ महिने आईच्या पोटात परक्या रक्ताचं बाळ सांभाळणारी ती पिशवी, तिला हे जमणार नाही तर कुणाला!

ही काही काल-परवाची टूम नाही. डोळ्यावर हा पापुद्रा वापरल्याची नोंद १९४० सालची आहे. मध्ये तो विस्मरणात गेला, १९९५ पासून पुन्हा वापरात आला. १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नेमके हेच, फोडांचे आणि असह्य दुखणारे डोळे होते. ४८ पैकी ४३ डोळ्यांचं दुखणं थांबलं. तो अभ्यास सरासरी आठ महिन्यांचा होता, हेही सांगते, उगाच भुलवत नाही. काहींना पुन्हा करावं लागतं, काहींना गुण येत नाही. पण ४८ पैकी ४३! आणि आपल्याकडे सांगतात काय, तर "उपयोग नाही".

२०१८ च्या दिवाळीनंतर मी आणि धाकटा भाचा अक्काला पुण्याला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "आजी, दिसायचं मी काही कबूल करत नाही. पण दुखायचं बघू." अक्का माझ्याकडे बघत राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या दुखण्याशी बोललं होतं. भूल फक्त डोळ्यापुरती. पाऊण तासात बाहेर आली. पहिले काही दिवस खुपलं. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. "अगं, आज चुलीपुढं बसले." एवढंच म्हणाली.

त्या डोळ्याने तिला शेवटपर्यंत काही दिसलं नाही. पण खिडकीचं गोणपाट निघालं. डावा डोळा उघडला. नातवाच्या लग्नात तिने स्वतः रुखवत मांडलं.

आता मला सांगा, हे ऑपरेशन यशस्वी की अयशस्वी? आपल्या घोषवाक्यांच्या हिशोबात अयशस्वी. कारण 'प्रकाश' आला नाही ना!

माझा राग इथे आहे. दात दुखला तर आपण असं म्हणतो का, की "या दाताने चावता येणार नाही, मग दुखू द्या"? गुडघा दुखला तर म्हणतो का, की "तुम्ही काही आता धावणार नाही, मग उपचार कशाला"? मग डोळ्यालाच हा न्याय का? तर आपण डोळ्याला दृष्टीचं यंत्र मानलं आहे. यंत्र बंद पडलं की भंगार. त्या यंत्राला मज्जातंतू आहेत आणि ते एका बाईच्या मेंदूपर्यंत जातात, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आणि बाई म्हटलं म्हणून सांगते. घरातल्या कर्त्या पुरुषाचा डोळा असा दुखला असता तर तीन वर्षं लागली असती का? प्रश्न विचारून ठेवते. उत्तर ज्याचं त्याने द्यावं.

काही जण म्हणतील, "बाई, कॉर्निया मुळातच कमी मिळतात. ज्याला दिसू शकेल त्यालाच द्यायला हवेत." हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार गरज असलेल्या ७० जणांमागे एकालाच कॉर्निया मिळतो. दोन्ही डोळ्यांनी अंध असलेल्या तरुणाला पहिला मान, हे मलाही मान्य आहे. अक्कालाही मान्य झालं असतं. पण त्या आक्षेपाला माझी दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर वारेचं. तिला रांग कसली? आपल्या जिल्ह्यात प्रत्येक तालुक्याच्या गावी रोज सिझेरियन होतात. आधी ठरवून केलेल्या सिझेरियनमधली वार, आईची संमती घेऊन आणि तिच्या रक्ताच्या तपासण्या करून, वापरता येते. एका वारेतून अनेक डोळ्यांना पुरतील इतके तुकडे निघतात. आज ती जाते कुठे? दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीतून जाळायला. मुंबईला टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी १९८८ साली सुरू झाली. तिथे वारेचा पापुद्रा वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून भाजलेल्यांच्या जखमांसाठी वापरला जाऊ लागला. म्हणजे महाराष्ट्राला हे नवीन नाही. आमच्या सासूबाई वार परसात खड्डा करून पुरायच्या, वर दगड ठेवायच्या, कुत्र्याने उकरू नये म्हणून रात्री दोनदा कंदील घेऊन बघून यायच्या. त्यांना ती मौल्यवान वाटत होती. आपण शिकलो आणि तिला कचरा म्हणू लागलो.

दुसरं उत्तर दान केलेल्या डोळ्यांचं. मिळालेला प्रत्येक कॉर्निया दृष्टी देण्याच्या प्रतीचा नसतो. दाता फार वयस्कर असेल, आतल्या पेशी कमी असतील, तर तो स्वच्छ दिसण्यासाठी उपयोगी नाही. पण जंतूंनी सडत चाललेला डोळा वाचवायला, भोक पडलेली काच बुजवायला तो चालतो.

आणि असे डोळे आपल्या जिल्ह्यात कमी आहेत का? प्रवरेच्या काठावर १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आपल्या भागाचं सोनं झालं. पण उसाचं पान हे करवतीचं पातं आहे, हे उसात काम केलेल्यालाच ठाऊक. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची माणसं कोयता घेऊन तोडीला जातात. डोळ्याला पान लागतं, बुबुळ खरचटतं. मग कुणी दूध घालतं, कुणी मध घालतं, कुणी मेडिकलवाल्याकडून लाली घालवायचे थेंब आणतं. त्या थेंबांत स्टेरॉइड असलं आणि जखमेत बुरशी असली, की आगीत तेल. आठ-पंधरा दिवसांत काच पांढरी होते. गावात म्हणतात "डोळ्यात फूल पडलं". फूल कसलं, ती जखम असते! पुढे औषध लागू पडलं नाही तर काच विरघळायला लागते. ते दुखणं असं, की माणूस भिंतीवर डोकं आपटून घेतो. त्या वेळी दुसऱ्या कुणाचा कॉर्निया बसवून डोळा वाचवतात. पुढे दिसेल न दिसेल. पण डोळा राहतो, दुखणं थांबतं, आणि माणूस तोंडावर फडकं न बांधता उचल फेडायला उभा राहतो.

आमच्या पाचवीतल्या एका मुलाच्या डोळ्यात चुन्याची पुडी फुटली होती. वडिलांची तंबाखूची. घरच्यांनी पाण्याने धुवायच्या ऐवजी तूप घातलं. (मंडळी, चुना गेला तर लगेच, तिथेच, भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा. दवाखाना नंतर.) जगातलं पहिलं यशस्वी कॉर्निया रोपण झालं ते ७ डिसेंबर १९०५ रोजी, आजच्या चेक देशातल्या ओलोमोउत्स गावी. डॉ. झिर्म यांनी केलं. रुग्ण कोण होता? चुन्याने डोळे भाजलेला एक मजूर! म्हणजे ही विद्या राजेरजवाड्यांसाठी जन्मली नाही, चुना कालवणाऱ्या मजुरासाठी जन्मली. आपल्या देशात मद्रासला १९४५ साली नेत्रपेढी निघाली, १९४८ साली डॉ. मुथय्यांनी तिथे रोपण केलं. आपल्या मुंबई राज्याने तर १९५७ सालीच कॉर्निया रोपणाचा कायदा केला. पुढे १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आला, तो लगेच लागू करून घेणाऱ्या पहिल्या तीन राज्यांत महाराष्ट्र होता. कायद्यात आपण कधीच मागे नव्हतो. मागे आहोत ते घरात.

घरात म्हणजे कुठे, तेही सांगते. हा भाग लिहायचा नव्हता. पण दुसऱ्यांना लाल शाई लावायची आणि स्वतःचा पेपर झाकायचा, हे बरं नाही.

पुण्याहून आल्यावर अक्काने नेत्रदानाचा अर्ज भरला. स्वतः होऊन. "माझा डावा चांगलाय, तो कुणाला तरी दिसायला होईल. उजवा शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवा म्हणावं, असा डोळा असतो म्हणून." अर्जाची पावती तिने ज्ञानेश्वरीत ठेवली.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ती गेली. रात्री दोनच्या सुमारास, घरीच. मी तिथेच होते. डोळे काढून घ्यायची मुदत साधारण सहा तासांची, हे मला पाठ होतं. पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, नेत्रपेढीला फोन करायचा. ते लोक घरी येतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम, चेहरा विद्रूप होत नाही. हे सगळं मी शेकडो मुलांना शिकवलेलं! पहाटे धाकट्या सुनेने हळूच विचारलंही, "मावशी, आत्याबाईंचा फॉर्म होता ना?" चुलत दीर म्हणाले, "आधीच त्या डोळ्यानं लय भोगलं तिनं. आता आणखी चिरफाड नको." कुणी म्हणालं, पुढच्या जन्मी आंधळी येईल. मोठा भाचा माझ्याकडे बघत होता. मी काही बोलले असते तर त्याने फोन केला असता, हे मला आजही ठाऊक आहे.

मी बोलले नाही. रडत बसले. आठ वाजून गेले.

अक्काने तीन वर्षं दुखणं भोगलं, दुसऱ्या कुणाच्या बाळंतपणातल्या वारेने सुटली, आणि तिने परत द्यायचं म्हटलं तेव्हा आम्ही ते तिच्याबरोबर जाळलं. पुढच्या जन्मी आंधळी येईल म्हणे! या जन्मी तिच्या डोळ्याचं काय झालं ते तीन वर्षं आपण बघत होतो, तेव्हा कुणाला जन्माची आठवण झाली नाही. शेजारी श्रीलंकेत १९६१ पासून डॉ. हडसन सिल्वांच्या संस्थेमार्फत माणसं डोळे देत आली. स्वतःला पुरून उरतात म्हणून दुसऱ्या देशांना पाठवले जातात. तिथले बौद्धही पुनर्जन्म मानतात. ते म्हणतात, दान केलं तर पुढचा जन्म चांगला येतो. जन्म तोच, फक्त हिशोब वेगळा.

असो. माझं गाऱ्हाणं संपवते. पण गाऱ्हाणं मांडून उठून जाणं मला आवडत नाही, म्हणून चार मागण्या.

डॉक्टरांना. "उपयोग नाही" म्हणण्याआधी "कशाचा उपयोग नाही" ते पूर्ण वाक्यात सांगा. दृष्टीचा उपयोग नसेल, पण दुखण्यावर उपाय असेल, आणि तो तुमच्याकडे होत नसेल, तर कुठे होतो ते चिठ्ठीवर लिहून द्या. कधी कधी दुखरा, आंधळा डोळा काढूनच टाकावा लागतो, हे मी जाणते. पण ती शेवटची पायरी. पहिली पायरी नाही.

लेकी-सुनांना. ठरलेलं सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारा, "माझी वार कुणाच्या डोळ्याच्या कामी येईल का?" बहुतेक ठिकाणी "इथे सोय नाही" म्हणतील. म्हणू देत. दहा जणींनी विचारलं की अकराव्या वेळी सोय होते. सगळ्या सोयी अशाच झाल्या आहेत.

शाळेतल्या माझ्या मागच्या शिक्षकांना. या वर्षी फेरी काढाल तेव्हा एक पुठ्ठा जास्त रंगवा. "दुखणारा डोळा आंधळा असला तरी दुखतो." यमक जुळत नाही, मला माहीत आहे. चालेल.

आणि चौथी मागणी माझ्या भाच्यांना आणि घरातल्या सगळ्यांना. बाळांनो, माझं वय आता चौऱ्याहत्तर. चष्मा आहे, साखर आहे, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत. यातलं काहीही नेत्रदानाच्या आड येत नाही, मी विचारून घेतलं आहे. नेत्रपेढीचा नंबर फ्रिजवर चिकटवला आहे आणि तुमच्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये गेल्या दिवाळीत मी स्वतः घालून दिला आहे. माझे कॉर्निया म्हातारे निघाले, दिसायच्या कामाचे नसले, तरी द्या. कुणाचा तरी सडणारा डोळा त्याने बुजेल, कुणाचं तरी दुखणं थांबेल, तेवढं मला पुरे. रडायला नंतर भरपूर वेळ आहे. आधी पंखा बंद करा, आणि फोन करा.

त्या दिवशी कुणी मोठं माणूस आडवं आलं, तर त्याला अक्काचा प्रश्न विचारा. मला त्याचं उत्तर त्या दवाखान्यात आलं नव्हतं. आज येतं. जीव डोळ्यात नसतो गं अक्का, तो तुझ्यात होता. आम्ही डोळा बघत बसलो.

आपली,
एक निवृत्त बाई